यंत्राची नांदी

मराठीच्या अभ्यासकाने संगणकाच्या त्रुटिसंदेशांकडे भाषेचा नमुना म्हणून पाहावे, असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे सौजन्य उमटते. विषय तांत्रिक आहे, आपला नाही, आणि मांडणारा बहुधा नव्या छंदाच्या भरात आहे, असा त्या सौजन्याचा अर्थ असतो. तरीही हा विषय आपलाच आहे असे मला वाटते. आणि तो नुसत्या परिभाषेचा नाही. ज्या भाषेत यंत्र स्वतःची अडचण सांगते ती भाषा कोणाची, ती वाचायची कोणी, आणि ती वाचता न आल्याने काय काय बुडते, असा तो प्रश्न आहे.

लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली १९९१ पासून आहे. ती सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकतात हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्या ओळींचा धाक आठवेल. प्रत्येक ओळीच्या आरंभी कंसात सेकंदांचा आकडा असतो. पुढे कोणते उपकरण सापडले, कोणत्या पत्त्यावर बसले, कोणते सापडले नाही याची नोंद. गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, बोलणे संपले की पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया रंगमंचाचा ताबा घेते आणि एकेक सेवा उभी करते. २०१० साली आलेल्या सिस्टमडीत हा टप्पा रंगीत दिसतो: हिरव्या अक्षरांत 'ओके', तांबड्या अक्षरांत 'फेल्ड'. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हा क्रम ओळखीचा वाटावा. मुख्य खेळाआधी नांदी, मग सूत्रधार, मग पात्रांचा प्रवेश. फरक इतकाच की ही नांदी प्रेक्षकांसाठी रचलेली नाही. ती शेकडो हातांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या देशांत, बहुतेक वेळा स्वतःच्याच सोयीसाठी लिहिलेली आहे. तिच्यात कर्ता नाही, संबोधन नाही, आणि क्वचित एखादा उद्गार आहे. गाभ्यात मोठा घोटाळा झाला की लिनक्स चक्क 'ऊप्स' म्हणतो. त्याचे मराठी 'अरेच्चा' असेच करावे लागेल; ते करायला धजणारा अनुवादक मला अजून भेटलेला नाही.

या ओळींवर पडदा टाकण्याची कल्पना जुनी आहे. 'क्वायेट' आणि 'स्प्लॅश' असे दोन शब्द प्रारंभाच्या आज्ञेत घातले की ओळींऐवजी एखादे सुबक चिन्ह किंवा फिरते चक्र दिसते. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या फेडोराच्या दहाव्या आवृत्तीत प्लिमथ नावाचा असा पडदा आला आणि पुढे तो इतरांनीही स्वीकारला. नवख्या माणसाने घाबरू नये, हा त्यामागचा हेतू. हेतूबद्दल शंका नाही, परंतु ही दया मला चुकीची वाटते. जो मजकूर कळत नाही तो झाकून ठेवल्याने माणूस निर्भय होत नाही. मजकूर आहे हेच त्याला ठाऊक राहत नाही. शाळेतला एखादा धडा अवघड म्हणून पुस्तकातून कापून टाकण्याची आपली सवय आणि ही सवय एकाच कुळातली.

आता कळवणकडे वळतो, कारण हा सारा विचार तिथल्या एका खोलीत पक्का झाला. कळवण हा नाशिक जिल्ह्यातला आदिवासीबहुल तालुका. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून ज्याला 'कसमादे' म्हणतात त्या पट्ट्यातला. सप्तशृंगगड याच तालुक्यात. गिरणेचे पाणी याच डोंगरांतून खाली येते. बाजारपेठेत अहिराणी ऐकू येते, डोंगराकडच्या पाड्यांवर कोकणा बोलली जाते, आणि प्रमाण मराठी शाळेत भेटते. तिथल्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातली गाणी, पावरीवादन आणि थाळकथा ध्वनिमुद्रित करून जपण्याचे ठरवले होते. काही जुन्या कॅसेटी होत्या, काही नवे मुद्रण व्हायचे होते. संगणक कोणीतरी दिलेला, जुना. त्यावर लिनक्स, कारण ते फुकट आणि जुन्या यंत्रावर चालणारे. ध्वनिसंपादनासाठी ऑडॅसिटी, म्हणजे तेही मुक्तच. त्याची पहिली आवृत्ती २००० साली निघाली. सारे जुळून आले होते. फक्त आवाज येत नव्हता.

मी तिथे पोचलो तेव्हा निदान होऊन चुकले होते. विभागातल्या एका उत्साही सरांनी तो सुबक पडदा काढून टाकला होता आणि संगणक सुरू होताना त्यांना एक तांबडी ओळ दिसली होती. 'फेल्ड' हा शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने पोचलेला आहे: नापास. संगणक नापास झाला, म्हणून आवाज नाही, म्हणून नवा संगणक हवा, म्हणून अनुदानाचा अर्ज, म्हणून पुढचे वर्ष. अर्जाचा मसुदाही तयार होता. ती ओळ प्रत्यक्षात सांगत होती ती इतकीच की जाळे जोडले जाण्याची वाट पाहणाऱ्या सेवेने वाट पाहून नाद सोडला. खोलीत इंटरनेट नव्हतेच, तेव्हा दुसरे होणार तरी काय? आवाजाशी तिचा सुतराम संबंध नव्हता. आवाजाबद्दलच्या ओळी त्याच मजकुरात, बऱ्याच वर, पांढऱ्या अक्षरांत होत्या आणि त्यांत काहीही बिघडलेले नव्हते. ध्वनिपत्र सापडले होते, ड्रायव्हर बसला होता. इतकेच की एकाऐवजी दोन ध्वनिमार्ग सापडले होते: एक मागच्या हिरव्या खाचेचा, दुसरा एचडीएमआय केबलीतून पडद्याकडे जाणारा. प्रणालीने पडद्याकडचा निवडला होता. पडद्याला स्पीकर नव्हता. यंत्र आपल्या परीने नीट वाजत होते, फक्त ज्याला तोंड नाही त्याच्या तोंडून.

हे शोधून काढले ते दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने. तिला संगणकाचे विशेष ज्ञान नव्हते. तिने इतकेच केले की सगळ्या ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि 'साउंड' किंवा 'ऑडिओ' हा शब्द ज्यांत आहे तेवढ्याच अधोरेखित केल्या. त्यांत 'एचडीएमआय' हे अक्षर चार वेळा आले. इतक्या वेळा का, असा प्रश्न तिने विचारला. पाठ्य जवळून वाचण्याची जी रीत आपण कवितेच्या तासाला शिकवतो ती हीच, आणि मराठी विभागातल्या मुलीला ती येत होती याचे मला नवल वाटले नाही. तांबडा रंग पाहून निष्कर्ष काढणे ही टीकेतलीसुद्धा नेहमीची चूक आहे: ठळक विधान तेच महत्त्वाचे, असे मानण्याची.

लिनक्सवर ध्वनीचीच तक्रार इतकी का, हे थोडक्यात सांगायला हवे. १९९० च्या दशकाच्या आरंभी हानु सावोलाइनेन यांनी लिहिलेले ड्रायव्हर पुढे ओएसएस या नावाने रूढ झाले. त्यात बहुतेक ध्वनिपत्रांवर एका वेळी एकाच कार्यक्रमाला आवाज करता येई. दुसऱ्याने प्रयत्न केला तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असे उत्तर मिळे. मग १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी अल्साची सुरुवात केली, आणि डिसेंबर २००३ च्या २.६ या गाभ्यापासून अल्सा हा मुख्य रस्ता झाला. दरम्यान ग्नोमचा ईसाउंड आणि केडीईचा आर्ट्स असे दोन मध्यस्थ आपापल्या अंगणात आवाज मिसळत होते. २००७ च्या फेडोरात आणि २००८ च्या उबुंटूत पल्सऑडिओ आला, २०२१ च्या फेडोरात त्याची जागा पाइपवायरने घेतली. प्रत्येक नव्या थराने आधीच्या थराचे दुखणे बरे केले आणि त्या थराशी बोलण्याची नवी भाषा आणली. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या आवाजात 'लिनक्स'चा उच्चार करून एक छोटी ध्वनिफीत ठेवली होती, इंग्रजीत एक आणि स्वीडिशमध्ये एक. ध्वनिपत्र चालते का हे पाहण्यासाठी कितीतरी लोक तीच वाजवीत. नावाचा उच्चार हीच चाचणी! असो.

अल्साच्या पहिल्या वर्षांतला एक तपशील मात्र विसरण्यासारखा नाही. ड्रायव्हर नीट बसला तरी सारे मार्ग आरंभी मुके ठेवलेले असत. अचानक मोठा आवाज होऊन कान किंवा स्पीकर दुखावू नये, हे कारण. वापरणाऱ्याने अल्सामिक्सर उघडायचे, प्रत्येक स्तंभाच्या पायथ्याशी असलेली दोन 'एम' अक्षरे पाहायची, कळफलकावरचे तेच अक्षर दाबून मौन उठवायचे. किती लोकांनी या दोन अक्षरांपायी संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवली असेल! बिघाड नव्हता, मौन होते. आणि बिघाड व मौन यांतला भेद पडद्यावर दोन अक्षरांइतकाच होता.

पल्सऑडिओने याच्याही पुढची गंमत केली. एकही ध्वनिसाधन सापडले नाही तर कार्यक्रम अडून पडू नयेत म्हणून तो एक खोटे साधन उभे करतो. त्याचे नाव 'डमी आउटपुट'. त्यावर काहीही वाजवा, काळाची पट्टी सरकते, गाणे संपते, कोणालाच काही ऐकू येत नाही, आणि त्रुटीचा एक शब्दही उमटत नाही. याचे मराठी काय करावे? कळवणमध्ये एकाने 'बुजगावणे' सुचवले. शेताच्या बांधावरचा शब्द, लगेच आवडतो. परंतु बुजगावणे पाखरांना हाकलते, आणि हे साधन तर येईल त्याला आत घेते. 'नाममात्र' हा शब्द कचेरीतला. मला 'तोंडदेखले' अधिक जवळचे वाटते. तोंडदेखले स्वागत करणारा माणूस नेमके हेच करतो. अर्थात 'तोंडदेखले साधन' असे पडद्यावर वाचून माणूस बुचकळ्यात पडेल हा आक्षेप खरा आहे. 'डमी आउटपुट' वाचून तो पडत नाही असे मात्र नाही.

इथे अनुवादाचा मुख्य प्रश्न येतो. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या पदनाम कोशाची पुढे यथेच्छ थट्टाही झाली. या दोन्ही प्रयत्नांवर आपण वर्गात बोलतो. तिसरा प्रयत्न आपल्या डोळ्यांसमोर झाला आणि त्यावर आपण बोलत नाही. २००० नंतरच्या दशकात इंडलिनक्ससारखे स्वयंसेवी गट, सी-डॅक, पुण्यातल्या रेड हॅटचे अनुवादक अशांनी मिळून ग्नोम, केडीई आणि इतर कार्यक्रमांतले हजारो संदेश मराठीत आणले. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फाँट मुक्त केले, २००७ मध्ये सी-डॅकने बॉस ही भारतीय भाषांतली लिनक्सप्रणाली काढली. मराठीत एकगठ्ठा इतके गद्य इतक्या कमी वेळात क्वचितच अनुवादित झाले असेल. त्याचे समीक्षण किती झाले? माझ्या पाहण्यात मराठीच्या अभ्यासकाने लिहिलेला एकही लेख नाही.

त्या गद्याची प्रकृती परिपत्रकाची आहे हे मान्य करायला हवे. 'त्रुटी', 'अवैध', 'अपयशी', 'निर्देशित', 'कार्यान्वित' यांचा त्यात राबता आहे. पण नुसत्या संस्कृतप्रचुरतेला दोष देणे सोपे आहे. एस.टी.च्या बसमध्ये 'चालक' आणि 'वाहक' हे शब्द रंगवलेले असतात आणि ते कोणालाही परके वाटत नाहीत. रोज दिसतात म्हणून. उलट 'ड्रायव्हर'साठी 'चालक' हा शब्द संगणकात वापरला तर तो विनोदी वाटतो, कारण तिथे तो कोणी पाहिलेलाच नाही. शब्द रुजतो की नाही हे त्याच्या कुळापेक्षा त्याच्या जागेवर ठरते, आणि संदेशांची जागा फार विचित्र आहे.

विचित्र कशी, ते सांगतो. पहिली गोष्ट, गाभ्याचे संदेश अनुवादित होतच नाहीत. ते इंग्रजीतच राहतात. वरच्या कार्यक्रमांचे संदेश गेटटेक्स्ट या व्यवस्थेने अनुवादित होतात: एका बाजूला मूळ इंग्रजी ओळ, दुसऱ्या बाजूला मराठी, मराठी नसेल तर इंग्रजी दिसते. त्यामुळे पडद्यावर एकाच घटनेचे वर्णन अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत येते. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. यंत्र सुरू होतानाचा तो काळा पडदा फार तर ५१२ अक्षरचिन्हे ओळखतो आणि ती एकापुढे एक ठेवतो. वेलांटी मागे घेणे, जोडाक्षर घडवणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणे यांतले काहीही त्याला येत नाही. म्हणजे उद्या कोणी सारे आरंभसंदेश मराठीत आणले तरी त्या पहिल्या काही सेकंदांत देवनागरी नीट उमटणारच नाही. चित्रमय पडदा वर आल्यावरच आपली लिपी जिवंत होते. तिथेही बराच काळ 'ऱ्य'चा गोंधळ होता. 'डोंगऱ्यादेव' हे नाव जुन्या फाँटांत 'डोंगर्यादेव' असे दिसे. कळवणच्या जुन्या फायलींत दोन्ही रूपे होती, आणि एका रूपाने शोधले की दुसऱ्या रूपातल्या फायली सापडत नसत. वीस वर्षांनंतर कोणी संशोधक त्या शोधील तेव्हाही हे असेच राहील, नावे आज सुधारली नाहीत तर.

तिसरी गोष्ट सर्वांत बोचरी. मराठी संदेशाला क्रमांक नसतो. 'उपकरण आढळले नाही' अशी ओळ दिसली की माणूस ती शोधायला जातो, आणि तिचे उत्तर मराठीत कुठेच नसते. जाणकार त्याला पहिला उपाय सांगतात तो असा, की भाषा तात्पुरती इंग्रजी कर, तोच संदेश इंग्रजीत उमटव आणि मग शोध. तेव्हा मराठी अनुवाद आपल्या कामाच्या क्षणीच काढून ठेवावा लागतो. शब्द सोपे की अवघड या वादाहून हा दोष मोठा आहे. अनुवाद झाला, पण त्याच्या पाठीशी उभे राहील असे मराठी ज्ञान लिहिले गेले नाही. संदेश एकटा पडला.

एका शब्दापाशी मात्र थांबायलाच हवे. मुक्त नसलेला, ज्याचा मूळ मजकूर पाहता येत नाही असा ड्रायव्हर गाभ्यात घातला की लिनक्स स्वतःला 'टेंटेड' म्हणवतो. त्या नोंदीनंतर बिघाड झाला तर गाभ्याचे रचनाकार बहुधा तपासायला नकार देतात. मराठीत याला 'बाटलेला' म्हणता येईल, 'विटाळलेला' म्हणता येईल. कोशात दोन्ही नेमके बसतात. आणि दोन्ही वापरता येणार नाहीत. ज्या शब्दाची उलटतपासणी चोखोबा आणि सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात केली, ज्याच्या विरोधात आंबेडकरोत्तर दलित साहित्य उभे राहिले, तो शब्द यंत्राच्या तोंडी निरागसपणे घालणे म्हणजे सातशे वर्षांचे वाङ्मय न वाचलेले असणे. इंग्रजीतही त्या शब्दाला शुद्धीअशुद्धीचा वास आहे, पण तिथे त्याच्यामागे पाणवठा उभा नाही. 'दूषित' त्यातल्या त्यात सौम्य. 'भेसळ झालेला' मला अधिक पसंत, कारण भेसळीत दोष माल विकणाऱ्याकडे जातो, आणि इथे वस्तुस्थितीही तशीच आहे. असा निर्णय कोणत्याही अभियंत्याने एकट्याने घेऊ नये. तो घेण्याची पात्रता मराठीच्या शिक्षकाकडे आहे, आणि तोच बैठकीला हजर नसतो.

इतके कशाला, इंग्रजी शिकवा म्हणजे झाले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. गाभ्याचे संदेश इंग्रजीत राहणार असतील तर ते वाचण्यापुरते इंग्रजी हवेच. परंतु या संदेशांचे इंग्रजी हे शाळेतले इंग्रजी नव्हे. यूनिक्सवर अनेक वर्षे एक त्रुटी 'नॉट अ टाइपरायटर' अशी उमटे. अर्थ इतकाच की समोरचे साधन टंकयंत्रासारखे नाही, म्हणजे अमुक आज्ञा त्याला लागू नाही. लंडनच्या माणसालाही ती ओळ कळत नव्हती. ही एक बोली आहे, तिचे जुने थर आहेत, अप्रचलित झालेले अवशेष आहेत. ती शिकवावी लागते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातल्या लाखो लोकांना माउस धरायला शिकवले, ही लहान गोष्ट नाही. पण यंत्र काय म्हणते आहे ते वाचायला कोणी शिकवले? केरळात २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल या प्रकल्पाने पुढे सरकारी शाळांत लिनक्स नेले, आणि त्याच काळात मल्याळमच्या स्वयंसेवकांनी फाँट, कळफलक आणि अनुवाद यांवर काम केले. शाळा आणि भाषा तिथे एकमेकींच्या शेजारी होत्या. आपल्याकडे अनुवाद पुण्यात झाला आणि शाळा कळवणला होती.

आवाजाचा प्रश्न काहींना तर याहूनही जिव्हारी लागतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने आवाज हाच पडदा असतो. ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा कार्यक्रम २००६ पासून ग्नोमचा भाग आहे, आणि ईस्पीक हा मुक्त वाचक मराठीही बोलतो, जरा यांत्रिक चालीत, पण कळेल असे. ध्वनिमार्ग चुकीच्या केबलीत गेला की आपल्याला गाणे ऐकू येत नाही. त्याचा संपूर्ण संगणक नाहीसा होतो, आणि का नाहीसा झाला हे सांगणारी ओळही त्याच नाहीशा झालेल्या पडद्यावर असते. त्याला मदत करायला डोळस माणूस बोलवावा लागतो, आणि त्या डोळस माणसाला ती ओळ वाचता यायला हवी. विशेष शाळा शहरांत असतात; तालुक्याच्या महाविद्यालयात असा एखादाच विद्यार्थी असतो, तेव्हा ही जबाबदारी कोणा तज्ज्ञावर नव्हे, वर्गमित्रांवर पडते.

अलीकडे वारा उलट दिशेने वाहतो आहे. २०२४ मध्ये गाभ्यात अशी सोय आली की यंत्र कोसळले तर ओळींऐवजी एक सुबक पडदा यावा, आणि त्याच वर्षी पुढे त्या पडद्यावर क्यूआर कोड दाखवण्याचीही. ओळी त्या चौकटीत दडलेल्या असतात. माणसाने त्या वाचायच्या नाहीत, छायाचित्र काढून पुढे धाडायच्या. दूरच्या जाणकाराकडे मजकूर अचूक पोचतो, हा लाभ खरा. पण जवळच्या माणसाचे वाचन त्यात गृहीतच धरलेले नाही.

मराठी विभागांनी काय करावे, याचे माझे उत्तर लहान आहे. अनुवादाची मोहीम नको. त्या पुष्कळ झाल्या. टिपांची वही करावी. कळवणला ती झाली आहे: दोनशे पानी, आखीव, तीन रकान्यांची. पहिल्या रकान्यात संदेश जसाच्या तसा रोमनमध्ये, चुकूनही न सुधारता. दुसऱ्यात त्याचा अर्थ, लिहिणाऱ्याच्या मराठीत. तिसऱ्यात काय केले आणि काय झाले. दुसऱ्या रकान्यातली भाषा एकसारखी नाही. कोणी पुस्तकी लिहिले आहे, कोणाच्या वाक्यात अहिराणी डोकावते, दोन नोंदींत पाड्यावरच्या मुलांनी कोकणातले शब्द योजले आहेत. ते कोणी दुरुस्त करू नये असे मी तिथे सांगितले. प्रमाण मराठी हीही यांतल्या बऱ्याच मुलांची शाळेत भेटलेली भाषा आहे, आणि इंग्रजीची पायरी काढून मराठीची बसवली म्हणजे यंत्र घरी आले असे त्यांच्या बाबतीत होत नाही.

वहीतली सर्वांत मोठी नोंद थाळकथेच्या मुद्रणाची आहे. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने काडी उभी करतात आणि ती बोटांनी वरून खाली ओढत राहतात. त्यातून एक सलग, घुमणारा नाद निघतो आणि त्या नादावर कथेकरी रात्रभर सांगत जातो. पहिल्या मुद्रणात कथेकऱ्याचा आवाज स्वच्छ आला, थाळ मात्र जवळजवळ ऐकूच आला नाही. मायक्रोफोन बदलून पाहिला, जागा बदलून पाहिली. शेवटी कळले की ध्वनीच्या मांडणीत गोंगाट कमी करण्याची सोय कोणीतरी चालू केली होती, आणि ही सोय जो आवाज न बदलता सलग चालतो त्याला गोंगाट समजते. पंख्याची घरघर जशी कापायची तसा तिने थाळ कापला होता. १९१३ ते १९२९ या काळात ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणासाठी ज्या तबकड्या मुद्रित झाल्या त्यांत खरखर आहे, पण तबकडीने कोणता नाद ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे स्वतः ठरवले नव्हते. ती सोय बंद करून दुसरे मुद्रण झाले, ते चांगले आहे. वहीतल्या या नोंदीचा पहिला रकाना रिकामा आहे, कारण या घडामोडीत यंत्राने कुठेही, कोणत्याही भाषेत, एकही संदेश दिला नव्हता. पहिल्या मुद्रणाची फाइलही पुसलेली नाही; पुढच्या तुकडीला ऐकवण्यासाठी ती दुसरीच्या शेजारी ठेवली आहे.